हसरे अण्णा

"ही पिशवी तर हसऱ्या अण्णांची," दस्तगीर म्हणाला, आणि मायाक्कानं पुढं केलेला हात तसाच मागं घेतला.

रविवारची सकाळ होती, साडेआठ वाजले असतील. दुकानापुढं सात-आठजण उभे होते आणि सगळे पुरुष होते. मघापासून ती त्यांच्या मागं, पन्हाळीच्या सावलीत, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी उभी होती. सोलापुरात येऊन पस्तीस वर्षं झाली, पण मटणाच्या दुकानापुढं ती कधी उभी राहिली नव्हती. माहेरी सांगोल्याकडं बापाची मेंढरं होती. बकरं पाहूनच ते किती किलो पडेल हे ती सांगू शकायची. पण इथं मटण आणायचं ते नवऱ्यानं, आणि ते तिच्यापुढं यायचं ते पिशवीतून. पिशवी तिनंच शिवलेली. महिपतीच्या एसटीच्या खाकी पँटचा पाय कापून, दुहेरी टीप मारून, आत प्लास्टिकचं अस्तर लावून. दर रविवारी दुपारी ती धुवायची आणि दोरीवर उलटी टांगायची. अशी पिशवी सोलापुरात दुसरी नव्हती. तरी तिला वाटलं, याची काहीतरी गल्लत होतीय.

"कोण हसरे अण्णा?"

"डेपोतले की. महिपती अण्णा." दस्तगीर पन्नाशीचा, दाढीत पांढरं मिसळलेला माणूस होता. सुरा हातात तसाच धरून तो पुढं वाकला. "तुम्ही घरच्या का? अरे, अण्णा किदर हैं भाभी? दोन महिने झाले, तोंड दाखवलं नाही. इथं आले की सगळी लाईन हसवून सोडायचे. टांगलेल्या बकऱ्याकडं बघून म्हणायचे, दस्तगीर, ह्ये सांगोल्याचं न्हाय बरं का. सांगोल्याचं असतं तर तुझ्या सुऱ्याची वाट बघत बसलं नसतं, तहानेनंच मेलं असतं!" आणि तो स्वतःच हसला. लाईनीतला एक बनियनवाला माणूसही हसला आणि म्हणाला, "व्हय की, लई नग हुता."

नाव बरोबर होतं. डेपो बरोबर होता. पिशवी तर तिच्या हातात होती. फक्त ते 'हसरे' कुठंच बसत नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या माणसाची तिनं भाकरी थापली तो हसायचा नाही. रागीट नव्हता, प्यायचा नाही, हात तर कधी उचलला नाही. सकाळी उठायचा, डबा घ्यायचा, संध्याकाळी यायचा, हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसायचा. जेवताना 'मीठ' म्हणायचा, म्हणजे मीठ हवं असायचं. 'बास' म्हणायचा, म्हणजे जेवण झालं. पोराच्या लग्नात फोटोवाला 'काका, जरा हसा' म्हणून म्हणून दमला आणि शेवटी नाद सोडून दिला. अल्बममध्ये सगळीकडं तो पंचनाम्याला उभ्या केलेल्या साक्षीदारासारखा दिसतो. बायका म्हणायच्या, मायाक्का, तुझा मालक म्हंजे देवमाणूस, तोंडातनं शब्द निघत न्हाय. तीही 'व्हय' म्हणायची. काही माणसांच्या पोटातच बोलणं नसतं, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि एकदा ठरवल्यावर त्याचा त्रास व्हायचा थांबला होता.

"वारले ते," ती म्हणाली. "सात आठवडं झालं."

दस्तगीरनं सुरा ठोकळ्यावर ठेवला. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. मग सुरा उचलून पुन्हा कापायला लागला. तिनं न सांगताच सीना घेतला, थोडी मांडी, दोन नळ्या. तिच्या मनात आलं, हेच तर ती वर्षानुवर्षं सांगत होती. सीना आणा, सगळी हाडंच काय आणता, आणि आणायचं तर वेळेवर आणा. बारा-बारा वाजेपर्यंत रविवारचं मटण घरात यायचं नाही. दुकान पंधरा मिनिटांवर, साडेआठला गेलेला माणूस बाराला यायचा, पिशवी हाताला कोमट लागायची, भूक मरून जायची. 'गर्दी हुती,' एवढंच तो म्हणायचा. आता तिच्यापुढं आठजण होते आणि तिचा नंबर दहा मिनिटांत आला होता.

दस्तगीरनं मटण बांधलं आणि मग वेगळ्या कागदात काळीज बांधायला घेतलं.

"काळीज नगं मला," ती म्हणाली.

"हे तुमचं नव्हं. टीमचं." त्यानं पुडा पिशवीत वरच्या बाजूला ठेवला. "दर इतवारी अण्णा नेत होते. म्हणायचे, पोरं आज बी हरणार, हरलेल्या माणसाला काळीज लागतं. बोगद्यापलीकडं ते मैदान आहे ना, तिथं. आत्ता खेळतच असतील." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "भाभी, त्यांना कुणी सांगितलं का?"

ती रस्त्याला लागली तेव्हा घराकडं वळायचं होतं आणि ती बोगद्याकडं वळली. फेब्रुवारी संपत आला होता आणि नऊच्या आतच ऊन मानेवर बसायला लागलं होतं. एका शेडमधले माग चालू होते, खटक-खटक, पुढच्या शेडला कुलूप होतं. आज सकाळी तिला जाग आली ती जिभेवर येसराच्या मसाल्याच्या रश्श्याची चव घेऊनच. शरम वाटली होती. दिवस झाले, पै-पाहुणे जेवून गेले, त्यानंतर ती भाकरी आणि शेंगाची चटणी यावर होती, आणि तसंच चालणार असं धरून बसली होती. पोरगा चाकणहून फोन करायचा, 'आई, काय खावंसं वाटलं तर सांग, हितनं ॲपवरनं पाठवतो.' ती 'काय नगं' म्हणायची. आणि आज पहाटे अंथरुणातच तोंडाला पाणी सुटलं. नवरा जाऊन दोन महिने नाहीत, आणि बाईला मटण पाहिजे. लोक काय म्हणतील त्यापेक्षा, आपण स्वतःला काय म्हणायचं, हे कळेना. शेवटी पिशवी घेऊन निघालीच. या सगळ्याची तिनं तयारी केली होती. दुकानात कुणी ओळखीचं भेटलं तर पाहुणे आलेत म्हणून सांगायचं हेही ठरवलं होतं. पण तिच्याच नवऱ्याची ओळख कुणी तिला करून देईल, याची तयारी नव्हती.

बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला बोगद्यात वाटलं. खरंच वाटलं. वरून मालगाडी जात होती आणि आतल्या अंधारात उभं राहून तिनं गाडी संपायची वाट बघितली. साडेआठ ते बारा तो दुसऱ्या बाईकडं जात असता तर काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिच्या दारात जाऊन बसली असती, शिव्या दिल्या असत्या, तिचं तोंड तरी बघितलं असतं. पण एक माणूस साडेतीन तास हसायला जातो आणि हसून झालं की तोंड पुसून घरी येतो, याला काय म्हणायचं? याची तक्रार कुणाकडं न्यायची?

मैदान म्हणजे मुरमाची मोकळी जागा होती. दोन्ही टोकांना लोखंडी खांब, जाळी नाही. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला लिंबाचं एक झाड आणि त्याखाली दगडी पायरी. बघायला माणसं चार-पाच. पिवळ्या बनियनमधली कॉलेजची पोरं घामही न येता पळत होती. त्यांच्यासमोर विटक्या नारिंगी शर्टातली मोठी माणसं, पोटं सुटलेली, धापा टाकणारी. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण आपली टीम कोणती हे विचारावं लागलं नाही. पायरीवर एक पन्नाशीचा माणूस दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून बसला होता आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. तो नवजवान इलेव्हनचा कॅप्टन होता, नाव गुरप्पा. हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिनं फक्त पिशवीतून पुडा काढून त्याच्यापुढं धरला.

"दस्तगीरनं दिलंय. टीमचं."

गुरप्पानं पुडा बघितला, मग पिशवी बघितली. त्याचा चेहरा असा उजळला की पुढं काय होणार ते तिला कळलं, पण अडवायला वेळ मिळाला नाही. तो पट्ट्यांसकट उभा राहिला आणि हात तोंडाशी धरून ओरडला, "ए श्रीशैल! अण्णांनी काळीज पाठवलंय रं! राग गेला अण्णांचा!"

मैदानातली नारिंगी माणसं थांबली. कुणीतरी शिट्टी मारली. लांबच्या खांबांमधला उंच, काळासावळा गोलकीपर दोन्ही हात आभाळाकडं करून जागच्या जागी नाचला, आणि तो नाचत असतानाच चेंडू त्याच्या बाजूनं आत गेला. पिवळी पोरं हसली. नारिंगीही हसले. गुरप्पा मांडीवर थाप मारत खाली बसला. "पाचवा," तो म्हणाला. "जाऊ द्या. आज किती बी जाऊ द्या. बसा की काकू. तुमी अण्णांच्या घरच्या नव्हं? स्वतः का आलं न्हाईत? अजून फुगलेत व्हय?"

आता सांगायला हवं होतं. शब्द तोंडात तयारही होता, दस्तगीरपुढं वापरलेलाच. पण ती पायरीवर बसली आणि पदर सारखा करत म्हणाली, "काय झालं हुतं?"

का म्हणाली, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. या माणसाच्या तोंडात महिपती अजून फुगून बसलेला होता. रविवारी न आलेला, पुढच्या रविवारी येणारा. तो एक शब्द बोलला की हे संपणार होतं. ती चोरासारखी बसून राहिली आणि गुरप्पा सांगत गेला. की मागच्या वर्षभरात टीम एकही मॅच जिंकली नव्हती, बरोबरीसुद्धा नाही. पोरं मिळत नाहीत, सगळी क्रिकेटला जातात, कधी कधी नऊजणांवर खेळावं लागतं. अण्णांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण वीस-पंचवीस वर्षांत रविवार चुकवला नाही. ऊन असो, थंडी असो. या पायरीवर बसून सगळ्यांना शिव्या घालायचे, रेफरीला घालायचे, समोरच्या टीमच्या पोरांची नावं पाठ करून त्यांना घालायचे, आणि सगळ्यात जास्त हसायचे. "आमी हरलो की तर लईच. म्हणायचे, जिंकणाऱ्याला काय, घरी जाऊन झोपायचं असतंय, मजा हरणाऱ्याची." मॅच झाली की तीन दगडांवर पत्रा ठेवून काळीज भाजायचं, मीठ-तिखट लावून. एकेकाला दोन-दोन तुकडे. वाटायचे अण्णाच. ते स्वतः खायचे नाहीत. "म्हणायचे, घरी रस्सा व्हायचाय, पोट मोकळं ठेवाय लागतंय. तुमच्या हातच्या रश्श्याचं लई कौतिक हो काकू."

"माझ्या?"

"व्हय तर. येसर घरचा, दुसऱ्या कुणाला जमत न्हाय म्हणायचे."

पस्तीस वर्षांत तो फक्त 'बास' म्हणाला होता. ऊन लिंबातून खाली येऊन तिच्या पायांवर पडलं. तिला काहीतरी आठवायला लागलं होतं आणि ते आठवू नये असं वाटत होतं. मग गुरप्पा पुढं काय सांगत होता ते तिला थोडा वेळ ऐकू आलं नाही.

त्यांची पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली. विजयमाला. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव सासूनं ठेवलं होतं. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी काही नाही. त्यानंतर पाच-सहा महिन्यांची गोष्ट असेल. दुपारी ती आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसली होती. झबली वर काढायची, पुन्हा घडी करून ठेवायची. बाहेर उंबऱ्यावर महिपती आणि डेपोतला कुणीतरी बसले होते. तो माणूस एका कंडक्टरची गोष्ट सांगत होता. मोहोळला चहा प्यायला उतरला आणि गाडी त्याला सोडूनच निघाली, मग तो टमटममध्ये बसून आपल्याच एसटीमागं घंटी वाजवत आला. आणि महिपती हसला. तेव्हा तो हसायचा. नवीन लग्न झालेलं असताना तर खूप हसायचा. ती झबलं हातात घेऊनच बाहेर आली होती. परक्या माणसासमोर. आणि म्हणाली होती, "लेक गेली माझी, आन् तुमी दात काढताय? ह्या घरात परत दात काढलंसा तर माझं मेलेलं तोंड बघाल." तो माणूस चप्पल पायात घालून निघून गेला. महिपतीनं हात तोंडावर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला होता, खोकला दाबून धरतात तसा.

त्या दिवसांत ती काय काय बोलली होती! सासूला बोलली, देवाला बोलली, डॉक्टरला तर शाप दिला होता. ते सगळं तिच्या लक्षात होतं, कारण पुढं लोकांनी ते तिला परत परत सांगितलं, आणि एवढ्या दिवसांनी ती त्यावर मान हलवायची. हे मात्र कुणी सांगितलं नाही. ज्यानं ऐकलं त्यानं ते ठेवून घेतलं. पुढं दोन वर्षांनी मुलगा झाला. घरात पाळणा आला, मग टीव्ही आला. ती स्वतः टीव्हीपुढं बसून पोट धरून हसली आहे, शेजारणीशी हसली आहे, पोराच्या बोबड्या बोलण्यावर हसली आहे, आणि तो भिंतीला टेकून तिच्याकडं बघत बसलेला असायचा. तेव्हा तिला वाटायचं, याचं लक्षच नाही. लक्ष होतं. मी हसत होते की, तिनं मनात त्याला म्हटलं, मग तुमाला कळाय नगं व्हतं? मी बोलले ते कवाच संपलं हुतं. रागानं तिचे कान तापले. एक शब्द विचारायला काय झालं होतं, आता हसू का म्हणून? आणि लगेच दुसरं काहीतरी खालून वर आलं. कदाचित तो वाट बघत असेल. एखाद्या रविवारी, रस्सा वाढताना, ही आपणहून म्हणेल म्हणून. ती काय म्हणायची? इतका उशीर का, सीना का नाही आणला.

"...शेवटचा मिनिट हुता," गुरप्पा सांगत होता. "एक-एक अशी बरोबरी. वर्षात पयल्यांदा. आन् चेंडू श्रीशैलच्या दोन पायांमधनं गेला. साधा चेंडू हो, लहान पोरानं धरला असता. अण्णा हितनं उठून पार गोलपतूर गेले. हसलं न्हाईत त्या दिवशी. लई वंगाळ बोलले त्याला. मग त्यो बी भडकला. म्हणाला, तुमी कोण? ना प्लेअर, ना कोच. उद्यापासनं हितं दिसू नका. अण्णांनी काळजाचा पुडा हितंच पायरीवर ठेवला आन् गेले. त्यो दिवस आन् आजचा दिवस. ह्यो बाबा दर रविवारी त्या बोगद्याकडं बघत ऱ्हातोय, म्हणून तर एवढं गोल खातोय."

तो रविवार तिला आठवला. साडेदहालाच दारात उभा. 'आज लवकर?' ती म्हणाली होती, आणि मनातून खूश झाली होती. मटण ताजं, हाताला गार, वेळेवर चुलीवर चढलं, एकच्या आत जेवणं झाली. किती दिवसांनी रविवार रविवारासारखा गेला, असं तिला वाटलं होतं. तो कमी जेवला. बुधवारी सकाळी दाढी करताना आरशापुढं बसल्या जागी कलला.

शिट्टी झाली. हाफ टाइम. नारिंगी माणसं लिंबाच्या दिशेनं येऊ लागली, आणि सगळ्यांच्या पुढं तो उंच गोलकीपर धावत होता, हातमोजे दातांनी ओढत. लांबून दिसला त्यापेक्षा तो वयानं मोठा होता, अडतीस-चाळीसचा. कानांवर केस पिकलेले. दिवसभर शाळेची रिक्षा चालवायचा. "काकू," तो धापा टाकत म्हणाला, "अण्णांना म्हणाव, माजं चुकलं. मी घरी येणार हुतो, पर पत्ता कुणालाच ठावं न्हाय. घर कुटं म्हणलं की अण्णा विषय बदलायचे. कुटं हाईत ते? बोगद्यात लपलेत का?"

"गेले," मायाक्का म्हणाली. आणि कुणाला समजलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाली, "वारले ते."

कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली तशीच कलंडून सांडत राहिली. गुरप्पा तिच्याकडं बघत होता. पंधरा मिनिटं ही बाई आपल्या शेजारी बसून होती, हे त्याच्या डोळ्यांत हळूहळू येताना तिला दिसलं. तिनं मान वळवली.

"कवा?" श्रीशैलनं विचारलं.

"त्या रविवारनंतरच्या बुधवारी."

"म्हंजे माज्यानंतर तीन दिवसांनी." तो खाली बसला, मुरमातच. मोजे मांडीवर. "काय बोलले का काकू? घरी आल्यावर? रागात हुते का? खरं सांगा."

त्या तीन दिवसांत महिपती काय बोलला होता? मीठ. बास. मंगळवारी एकदा 'पाणी आज येणार का उद्या' असं. याच्या पलीकडं तिच्याजवळ काही नव्हतं. समोर एक पिकल्या कानशिलांचा माणूस तिच्या तोंडाकडं बघत होता, ती आता जे सांगेल त्यावर त्याला पुढचं आयुष्य काढायचं होतं. आणि एक वाक्य माणूस किती वर्षं वागवू शकतो, हे तिला आत्ताच, या पायरीवर बसून कळलं होतं.

"रागात कशापायी?" ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा सरळ निघाला. "घरी आले आन् म्हणाले, आज पोराला लई बोललो. माजंच चुकलं. पुढच्या रविवारी जाऊन त्याची समजूत काढतो. साधा चेंडू हुता म्हणाले, दोन पायांमधनं गेला. आन् ते सांगता सांगता हसाय लागले. पुढचं सांगता येईना त्यांना, इतकं हसले."

"हसले?"

"व्हय."

श्रीशैलचा चेहरा वाकडा झाला. रडेल असं वाटलं, पण त्यानं मान मागं टाकली. आधी श्वास आत ओढला, कोरड्या हापश्यासारखा, तीनदा, लांब लांब. मग त्या ओढलेल्या श्वासातून काहीतरी सुटलं, बारीक, चढत जाणारं, बाईमाणसासारखं; आणि शेवटी खोकल्यात जाऊन संपलं. मांडीवर दोनदा थाप. मग एकजण हसला, दुसऱ्यानं डोळ्यांवर शर्ट ओढला, गुरप्पा 'अण्णा, अण्णा' म्हणत तोंड फिरवून उभा राहिला. ते हसणं कुणाचं, याची कुणालाच काही शंका नव्हती. दहा-अकरा माणसांना ओळखता येईल असं महिपतीचं काहीतरी तिथं मुरमावर येऊन बसलं होतं.

"असंच ना काकू?" श्रीशैलनं विचारलं. "असंच हसले ना?"

मायाक्का त्या आवाजाच्या मागं मागं गेली. उंबऱ्यापर्यंत गेली, नवीन लग्नातल्या खोलीपर्यंत गेली, सांगोल्याच्या जत्रेपर्यंत गेली. तो हसायचा हे आठवत होतं. मान मागं टाकायचा, दात दिसायचे, ते दिसत होतं. आवाज नव्हता. हा आवाज तिनं कधी ऐकलेला नव्हता. किंवा ऐकला असेल आणि तो आता कुणाचाही असू शकला असता.

"व्हय," ती म्हणाली. "असंच."

रेफरीनं शिट्टी मारली. कॉलेजची पोरं वाट बघत उभी होती. कुणी म्हणालं, सोडून द्या आज. गुरप्पा म्हणाला, न्हाय, खेळा. ते गेले. श्रीशैल मोजे चढवत खांबांमध्ये जाऊन उभा राहिला. काळजाचा पुडा पायरीवर होता, त्यावर दोन माश्या बसल्या होत्या. तिनं शेजारचा कागद त्यावर ओढला आणि उठली. बोगद्याशी येईपर्यंत मागून तिला ओरडणं ऐकू येत होतं. सहावा झाला की काय, कळलं नाही.

घरी येऊन तिनं मटण धुतलं, हळद-मीठ लावलं, कुकर न लावता पातेल्यातच चढवलं. वेळ भरपूर होता. कुणी जेवायला यायचं नव्हतं. अळणी रश्श्याला उकळी आली, मग तिनं येसर घातला आणि वास दोन्ही खोल्यांत भरला. चांगला वास होता. तिला भूक लागली होती, आणि त्याची आता शरम वाटत नव्हती, दुसरंच काहीतरी वाटत होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर कुणी नाही हे बघितलं. तोंड उघडलं आणि श्वास आत ओढला, लांब, कोरडा. नुसतीच हवा आली. पुन्हा ओढला. मान मागं टाकली, डब्यांची फळी आणि त्यावरचं छत दिसलं. तिसऱ्यांदा घशातून काहीतरी सुटलं, चढत गेलं, मध्येच फाटलं. नव्हतं ते. पुन्हा केलं. आता श्रीशैलचंही राहिलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या वेळेला तिला थांबता येईना.

"मायाक्का!" भिंतीपलीकडून शेजारच्या गुरम्माची हाक आली. म्हातारी कन्नड बोलणारी, लिंगायत, रविवारी या बाजूची खिडकी बंदच ठेवायची. गेले सात आठवडे ती उघडी होती. "एनातु गं? रडतीयास का?"

मायाक्कानं श्वास सावरला. पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "मटण लावलंय. खिडकी लावून घे."

पलीकडून कडी सरकल्याचा आवाज आला.